जुनी, टप उघडणारी गाडी गोव्यात घ्यावी का? (पावसाळा धरून सांगा)

डिचोलकर_७७ | ३ नोव्हेंबर

मंडळी, वय ४८ झालं, अक्कल अजून यायची आहे असं घरचं मत आहे. निमित्त गाडीचं.

आमच्याकडे गाडी म्हणजे टिप्पर. बाबांचे तीन होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा दोन विकले, तिसरा पुढे सहा वर्षं दारात उभ्याउभ्या गंजला. त्यामुळे इंजिन, पाटे, गिअरबॉक्स ह्यांचं भय नाही. भय आहे ते टपाचं. टप उघडणारी एक गाडी दारात असावी हे कॉलेजपासून डोक्यात बसलंय. नवी परवडणार नाही, म्हणून हात फिरलेली. बजेट २० लाख, ताणून २२.

तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत:

बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय, २०११ ची, मुंबई पासिंग, दुसरा मालक. पत्र्याचा टप, दुमडून डिकीत जातो.

मर्सिडीज एसएलके, २००८ ची, दिल्ली पासिंग. हीसुद्धा पत्र्याच्या टपाची. किंमत ऐकून मीच दचकलो, इतकी कमी.

ऑडी ए३ कॅब्रिओले, २०१५ ची, पर्वरीत एकाकडे आहे, गोवा पासिंग, पहिला मालक. पण हिला कापडी हूड. चतुर्थीच्या पावसात कापड कसं टिकणार?

राहतो डिचोलीत, रोज म्हापशाला जाणं-येणं. दारात शेड आहे, पण तीन बाजूंनी उघडी. ज्यांनी ठेवली आहे त्यांनी सांगा.

---

दादरकर | ३ नोव्हेंबर

माझं ऐका, वर्षातून चार दिवस भाड्याने घ्या. गोव्यात तर मिळतात की. हौस भागते, डोक्याला ताप नाही. वर्षातले चार महिने पाऊस, दोन महिने ऊन. उरलेल्या सहांत रोज कोण टप उघडणार?

---

साळगावचा_फिटर | ३ नोव्हेंबर

दादरकर, हिशोब बरोबर आहे, पण हौसेला हिशोब विचारायचा नसतो.

डिचोलकर बाब, तिन्ही प्रकारच्या गाड्या हाताखालून गेल्यात म्हणून लिहितो. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाकडे शेवटी बघा. आधी टप. थंड गाडीवर एकदा उघडा-मिटा. मग अर्धा तास फिरवून आणा आणि लागोपाठ दोनदा. इंजिन चालू ठेवून करा, नाहीतर बॅटरी बसते आणि विकणाऱ्याला सबब मिळते. मोबाइलवर वेळ लावा. झेड४ चा टप २० सेकंदांत मिटतो, एसएलके २२ च्या आसपास घेते, ए३ चं हूड १८ सेकंदांत. चारपाच सेकंद जास्त लागले, मधे अडकून पुन्हा हलला, एक बाजू आधी आणि दुसरी मागाहून आली, तर समजायचं की तेल कमी आहे, पंप थकलाय किंवा कुठल्यातरी सिलिंडरचं सील गेलंय. मग डिकीचं कार्पेट उचलून कोपऱ्यांत बोट फिरवा. बोट तेलकट निघालं तर तिथून परत फिरा, नाहीतर किंमत पाडा.

"साहेब, फक्त सेन्सरचं छोटं काम आहे" हे वाक्य कानावर पडणारच. छोटं काम होतं तर ते करून का नाही विकली?

पत्र्याच्या टपात सेन्सर आणि स्विच ढीगभर. डिकीचं झाकण बरोबर मिटलं का, आतला पडदा खाली आहे का, प्रत्येक कडी लागली का, एकानं जरी "नाही" म्हटलं तरी टप जागचा हलत नाही. वायरिंग बिजागरीजवळ रोज वाकतं आणि कधीतरी तुटतं. स्कॅनर लावल्याशिवाय सापडत नाही. स्कॅनर म्हणजे साधं कोड वाचणारं खेळणं नव्हे, त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर.

---

मांडवीकाठ | ४ नोव्हेंबर

मी रायबंदरला राहते. सहा वर्षं कापडी हुडाची जर्मन गाडी वापरते. कुठली ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार त्यात दोष गाडीचा नाही, माझा.

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. रोज ब्रेक दाबला की सीटच्या मागून खळ्ळ असा आवाज यायचा. मला वाटलं पाण्याची बाटली पडली असेल. चार दिवस बाटली शोधली. पाचव्या दिवशी हूड अर्ध्यावर थांबलं, ना वर ना खाली, आणि वरून सरी सुरू. छत्री धरून गाडी घरी आणली.

सीटमागचं अस्तर काढलं तर खोलगट जागेत घोटाभर पाणी, चहासारखं काळपट, आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. दारात बकुळ आहे आमच्या. सगळी फुलं हुडाच्या कडेच्या पन्हाळीतून खाली जाऊन निचऱ्याच्या नळीत बसलेली. टपाचा पंप नेमका त्याच खोलगट जागेत. बुडाला बिचारा.

पंप बदलला त्याचे पैसे सांगत नाही, आई हा धागा वाचते.

तेव्हापासूनचा माझा नेम: मे संपायच्या आत आणि मग दर पंधरवड्याला निचऱ्याची नळी साफ. गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची वायर हळूहळू आत सरकवायची. वरून लोटाभर पाणी ओतायचं आणि गाडीखाली वाकून बघायचं की दोन्ही बाजूंनी सारखं पडतंय का. हवेचा पाइप लावू नका. जोर लागून नळी आतल्या आत निसटते आणि मग पाणी थेट कार्पेटखाली.

कापड टिकतं हो. वाईट कापड नसतं, ओलं दुमडणं वाईट. पावसात भिजलेलं हूड तसंच दुमडून ठेवलंत तर चार दिवसांत बुरशी, आणि तो वास नाकातून जात नाही.

---

डिचोलकर_७७ | ४ नोव्हेंबर

ताई, अळ्या वाचून जेवण राहिलं. पण आभार.

म्हणजे कापडापेक्षा नळ्या महत्त्वाच्या. पत्र्याच्या टपाला पण असतात का नळ्या?

---

साळगावचा_फिटर | ४ नोव्हेंबर

असतात. पाणी रबरांवरून ओघळून पन्हाळीत आणि पन्हाळीतून नळीत, हे सगळ्यांत सारखंच. पहिल्या पिढीच्या झेड४ चं, म्हणजे २००८ पर्यंतच्या कापडी हुडाच्या, पंप बुडायचं दुखणं तर जगभर ठाऊक आहे. लोक पंप उचलून डिकीत बसवून घेतात. तुम्ही बघताय ती त्यानंतरची पत्र्याची.

डिचोलीचा माणूस म्हणून तुम्हाला वेगळं सांगतो. तुमच्याकडे लाल धूळ. ती रबरांवर बसते, त्यावर दंव पडतं, आणि टप प्रत्येक वेळी मिटताना रबर पॉलिश पेपरवर घासल्यासारखं घासतं. आठवड्याला ओल्या फडक्यानं रबरं पुसा. महिन्याला रबराचं सिलिकॉन लावा, तेही अगदी थोडं. वंगण तेल किंवा ग्रीस चुकूनही नको, रबर फुगतं. आमच्याकडे साळगावात धूळ कमी, पण मीठ. जोडांच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, नट हाताला लागेपर्यंत तुटतो.

आणि माडाखाली उभी करायची नाही. सांगायची गरज नाही, पण सांगतो. एका गिऱ्हाइकानं चोडणला लावली होती. शहाळं नव्हतं, सुका नारळ. हुडाला भोक पडून तो मागच्या सीटवर जाऊन बसला. पात्रांव (मालक) म्हणाला, निदान नारळ तरी मिळाला.

---

कागदीघोडा | ५ नोव्हेंबर

मी वाहतूक खात्यात नव्हतो, पण आयुष्यभर त्या खिडक्यांसमोर उभा राहिलो आहे. टप-बिप मला कळत नाही, कागद कळतात.

दिल्लीची स्वस्त का? राजधानी परिसरात १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणायला बंदी आली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. मग तिथले लोक मुदत जवळ आली की गाड्या दक्षिणेला ढकलतात. तुमची २००८ ची ती मुदत ओलांडून बसलेली. आरसीवर नोंदणीची मुदत कधी संपते ते आधी वाचा. नूतनीकरण झालेलं नसेल तर एनओसी आणि नव्या पासिंगचा गुंता तुमच्या गळ्यात.

बाहेरची कुठलीही घेतलीत तर: मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मालकी बदलाचे २९ आणि ३०, गोव्याचा नंबर घ्यायला २७. कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाहीतर आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. जुनी चलनं भरलेली हवीत. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायदा, कलम ४७. गोव्याचा कर नव्यानं भरावा लागेल. तिकडे भरलेल्यातला उरलेला परत मागता येतो, पण त्यामागे फिरायला सवड हवी.

गोव्यात आणखी एक बघा. परिवाहन ह्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून वाहनाचा वर्ग तपासा. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे भाड्यानं स्वतः चालवायला देत असत ती गाडी आता पांढऱ्या पाटीवर विकायला येते. पर्यटकांनी दोन-तीन हंगाम बडवलेली असते.

परदेशातून कुणी खासगीत आणलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री (कस्टमचा आयातीचा कागद) मागा. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. कागद "हरवला" असेल तर गाडी नको.

---

दादरकर | ५ नोव्हेंबर

काका, हे वाचून सायकल घ्यावीशी वाटली.

बरं, एक स्वस्त उपाय: जुनी सिडॅन घेऊन टप कापला तर? आमच्याकडे एकानं केलंय.

---

कागदीघोडा | ५ नोव्हेंबर

त्यानं कलम ५२ वाचलेलं नाही. उत्पादकानं नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. आरसी जाते, अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

---

साळगावचा_फिटर | ५ नोव्हेंबर

आणि दारं मिटायची बंद होतात. बंद गाडीचा टप हा तिच्या कण्याचा भाग. कारखान्यातून टपाविना येणाऱ्या गाडीच्या तळाला, पट्ट्यांना, काचेच्या चौकटीला जास्तीचं लोखंड घातलेलं असतं. घरी कापलेली गाडी खड्ड्यात होडीसारखी वाकते.

---

घाटमाथा | ६ नोव्हेंबर

बेळगावहून. चोर्ला घाटावरून महिन्यातून दोनदा येतो. माझी उघडी गाडी नाही, पण भावाची आहे म्हणून सांगतो. बघायला जाल तेव्हा चांगल्या रस्त्यावर चालवू नका. खराब रस्ता शोधा, टप मिटवून ३० च्या वेगानं जा. काचेच्या चौकटीतून, टपाच्या सांध्यातून किती कुरकुर येते ते ऐका. थोडी येणारच, पण स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर खालची बुशं (चाकांच्या सांध्यांतली रबरं) गेलेली.

दुसरं, स्टेपनी. झेड४ सारख्या गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसते. पंक्चर होऊनही चालतो हे खरं, पण चोर्लाच्या खड्ड्यात त्या टायरच्या कडक बाजूंमुळे चाकाची रिंग तडकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "टायर नवे आहेत" म्हणणाऱ्याच्या टायरांवर भावाला २०१४ सापडलं होतं. नक्षी शाबूत, रबर दगड.

---

डिचोलकर_७७ | १९ नोव्हेंबर

तिन्ही बघून आलो.

दिल्लीची बाद. आरसीची मुदत संपलेली, आणि टप मिटताना डाव्या बाजूनं कण्हल्यासारखा आवाज. "सेन्सरचं छोटं काम" हे शब्द अक्षरशः ऐकले. फिटर बाब, तुमची आठवण काढली.

मुंबईची झेड४ मनात भरली, खोटं कशाला बोलू. ३०६ अश्वशक्ती, आणि टप मिटून बसला की लांबच लांब बोनेटमागे आपण दोघं. पण सीट बेल्ट टोकापर्यंत ओढला (हे कुठंतरी वाचलेलं) तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ, म्हणजे गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली. सीटच्या रुळांवर गंज. विकणारा म्हणाला, "मुंबईची हवा आहे." हवा सीट बेल्टवर रेघ मारते हे नवीनच कळलं.

पर्वरीची ए३ उरली. मालक म्हातारे गृहस्थ, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलीत लावलेलं, पेट्रोल भरल्याची वही. हूड तीन वेळा उघडलं, तिन्ही वेळा १८-१९ सेकंद. वर चार सीट आहेत, म्हणजे मुलांना "आमचं काय?" विचारायला जागा नाही. झेड४ च्या डिकीत टप उघडल्यावर १८० लीटर उरतात. बायकोची एक बॅग आणि माझी चप्पल.

२१ वर थांबलेत. फिटर बाब, एकदा येऊन बघाल का? फी देतो.

---

साळगावचा_फिटर | १९ नोव्हेंबर

फी नको, जेवण द्या. रविवारी येतो. गिअरबॉक्सवर मला वेळ हवा, पर्वरीच्या चढणीवर संथ रहदारीत फिरवू. दोन क्लचचे असले गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर सगळेच गोड वागतात. चढणीत पुढची गाडी थांबतेय-सरकतेय अशा वेळी धक्का येतो का, तेच बघायचं.

---

डिचोलकर_७७ | ३० नोव्हेंबर

घेतली!

फिटर बाबांनी गाडीखाली झोपून अर्धा तास घालवला, वर येऊन म्हणाले, "बॅटरी आठ महिन्यांत बदला, पुढची बुशं वर्षात, बाकी म्हाताऱ्यानं मुलीसारखी सांभाळलीय." त्यावर पन्नास हजार कमी झाले. विमा नावावर करून घेतला. काकांच्या सांगण्यावरून इंजिनात पाणी गेल्यास भरपाईचं कव्हर विचारलं, पण गाडीच्या वयामुळे काही कंपन्या देत नाहीत, शोधतोय.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो, म्हापसा, मग अस्नोडा करत घरी. टप उघडा. धुकं, चुलींचा धूर, आणि शिरगाव फाट्याजवळ कुणाच्या तरी दारातला प्राजक्त. गाडीत बसून प्राजक्ताचा वास आला, ४८ वर्षांत पहिल्यांदा. एवढंच सांगायचं होतं.

---

मांडवीकाठ | १ डिसेंबर

अभिनंदन! आता एक गंमत टाळा, दिवाडी बेटावर जायची फेरीबोट. मी एकदा ओहोटीला नेली. ओहोटीत फेरी खाली जाते आणि उतरणीचा कोन वाढतो. पुढचा बंपर फळीवर घासला तो आवाज पाच वर्षं झाली तरी कानात आहे. भरती बघून जा, आणि तिरकी चढवा. फेरीवाला ओरडेल, ओरडू द्या. आणि घरी येऊन गाडीचा तळ गोड्या पाण्यानं धुवा.

हुडावर प्रेशरचा पाइप मात्र कधीच नको. मऊ ब्रश, साधा साबण, सावलीत वाळवणं. वर्षातून एकदा कापडाला पाणी न धरणारं औषध फवारायचं. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहायचे थांबले आणि कापड गडद दिसायला लागलं की ते लावायची वेळ झाली.

---

दादरकर | १ डिसेंबर

अभिनंदन. ख्रिसमसला येतोय, एक फेरी मारायला द्या. (भाड्यानं नको म्हणता ना, मग फुकट.)

---

डिचोलकर_७७ | २२ जुलै

पावसाळ्याचा अहवाल देतो, कबूल केल्याप्रमाणे.

आतापर्यंत आत एक थेंब नाही. श्रेय नळ्यांना. मे अखेरीस ताईंनी सांगितल्याप्रमाणे साफ केल्या, डाव्या बाजूनं आंब्याचा मोहोर निघाला, जानेवारीचा असणार, वाळून तंबाखूसारखा झालेला.

एक चूक झाली, माझीच. जूनमध्ये भाच्याला दाखवायला उत्साहानं ओलं हूड उघडलं आणि दुमडलेलंच ठेवून कामाला गेलो. तीन दिवस विसरलो. परत वर ताणलं तेव्हा आतल्या अस्तरावर पांढरट ठिपके आणि बंद देवघरासारखा वास. व्हिनेगर पाण्यात घालून पुसलं, मग पंखा लावून दोन दिवस हूड ताणून ठेवलं. ठिपके गेले, वास निम्मा गेला. आता डिकीत दोन किलो कोळसा ठेवलाय पिशवीत, आमची आजी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायची तसा.

बॅटरी. पावसात आठवडाभर गाडी हलली नाही तर सकाळी सुस्त. फिटर बाबांनी भिंतीवरचा संथ चार्जर लावून दिला, तेव्हापासून ठीक. शेडच्या उघड्या बाजूंना ताडपत्री लावली. उंदरासाठी बोनेटखाली रोज संध्याकाळी नजर. एकदा एअर फिल्टरच्या डब्यावर काजूची टरफलं सापडली, कुणीतरी जेवून गेलेलं.

आणि हो, दर दोन-तीन दिवसांनी पावसानं उसंत दिली की अर्ध्या तासासाठी हूड कोरडं करून उघडतो, मिटतो. रबर एकाच जागी चिकटून बसू नये म्हणून. शेजारी विचारतात, पावसात काय करतोस? मी म्हणतो, व्यायाम देतोय.

---

नवशिका_पेडणे | २३ जुलै

सगळा धागा वाचून काढला. मीही एक बघतोय. नायलॉनची वायर किती एमएमची घ्यायची?

---

मांडवीकाठ | २३ जुलै

दोन एमएम, गोल. चौकोनी मिळते ती घेऊ नका, नळी आतून खरवडते. मीटरभर तुकडा कापा, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा, गार झाल्यावर बोटानं चाचपा. टोचत असेल तर पुन्हा धरा.